लेकीने घुंगरू बांधावेत का?

बोईसरच्या एका बुद्धविहारात वंदनेचा कार्यक्रम आटोपून आम्ही स्टेशनकडे निघालो होतो. मागून एक गृहस्थ लगबगीने आले. "जयभीम. पाच मिनिटे घरी येता का? चहा घ्या. थोडे विचारायचे आहे."

गृहस्थ मूळचे नगरकडचे. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांची नोकरी आहे. आधी कंत्राटावर होते, आता कायम झाले. दोन खोल्यांचे घर. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खालच्या फळीवर मुलीला मिळालेल्या ढाली आणि प्रमाणपत्रे. मुलगी एकोणीस वर्षांची. पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली, बाईंनी कौतुक केले, आईने हट्टाने भरतनाट्यमच्या क्लासला घातले. गांधर्वच्या परीक्षा देत देत मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचली. बारावी झाली आहे.

आता झाले असे. क्लासच्या ओळखीतल्या एक बाई अमेरिकेत नृत्याचे वर्ग चालवतात. त्यांनी निरोप धाडला : "मुलीला तीन महिन्यांसाठी पाठवा. व्हिजिटर व्हिसावर येऊ दे. राहणे-जेवणे आमच्याकडे, लहान मुलांना शिकवील, पैसे हातात देऊ. पुढचे पुढे बघू." मुलगी हरखून गेली. आई अर्धी तयार. बापाची मात्र झोप उडाली.

ते म्हणाले, "माझे तीन प्रश्न आहेत. एक, बाबासाहेबांनी आपल्याला हे नाचगाणे सोडायला सांगितले. माझी चुलत आजी फडात होती. तिचे नावसुद्धा आमच्या घरात कोणी काढत नाही. आणि आता मीच माझ्या लेकीला घुंगरू बांधून साता समुद्रापार धाडू का? दोन, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. क्लासात गणेशवंदना असते, नटराजाची पूजा असते. हे कसे चालायचे? आणि तीन, यात पोट भरते का? की लेकीची फसगत होणार?"

वाचकहो, प्रश्न एका घरचे असले तरी आपल्या कितीतरी घरांतले आहेत. म्हणून त्या चहाच्या वेळी जे बोललो, ते इथे जरा सविस्तर मांडतो.

पहिला प्रश्न बाबासाहेबांचा. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर ठाकरसी हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, वाघे, पोतराज यांची सभा भरली होती. त्या सभेत बाबासाहेबांनी या भगिनींना निक्षून सांगितले की, हे लाजिरवाणे जिणे सोडा आणि मानाने आमच्याबरोबर या. इतके स्पष्ट बोलणारा दुसरा पुढारी त्या काळात विरळाच. पण त्यांनी काय सोडायला सांगितले, हे नीट समजून घ्या. पोरीला देवाला वाहायचे आणि गावाने तिला वापरायचे, ही रीत सोडायला सांगितली. जन्माने गळ्यात पडलेला धंदा सोडायला सांगितला. पायाला ताल कळू नये, असे त्यांनी कुठे सांगितले? आमच्या समजुतीप्रमाणे तरी त्यांचा रोख कलेवर नव्हता. बाईच्या देहावर आणि जातीवर उभ्या असलेल्या त्या बाजारावर होता.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू बघा. त्याच परळमध्ये हाफकिन संस्था आहे. तिचे संचालक होते डॉ. साहिबसिंग सोखी. त्यांच्या पत्नी लैला, मूळच्या बंगाली, 'मॅडम मेनका' या नावाने कथक करीत. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांचा नृत्यसंघ युरोपच्या दौऱ्यावर होता. जुलै महिन्यात बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली. तिथे या संघाने बक्षिसे मिळवली. म्हणजे परळच्या एका सभागृहात आपल्या आयाबहिणींना नाच सोडा असे सांगावे लागत होते, आणि परळच्याच एका बंगल्यातली बाई नाचून युरोपात मान मिळवत होती. दोघींच्या पायांत घुंगरूच. फरक पायांचा नव्हता. एकीला नाचायचे की नाही, हे ठरवता येत होते. दुसरीला ते ठरवता येत नव्हते.

मेनकांच्या संघात मुंबईची एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. जन्म १९२८ चा. मेनकांचे स्वतःचे मूल दगावले होते. त्यांना ही मुलगी दत्तक हवी होती. आई वत्सलाबाई म्हणाल्या, मुलगी देणार नाही. शेवटी दोघींनी मिळून तिला वाढवायचे ठरले. सोखी कुटुंबाने वत्सलाबाईंना काम दिले आणि मुलीच्या शिक्षणाचीही सोय केली. दमयंतीने पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे कथकचे धडे घेतले आणि लहान वयातच संघाबरोबर युरोप पाहिला. १९४७ साली मेनका गेल्या. अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज अशा गुरूंकडे शिकलेल्या दमयंतीबाई पुढे स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. १९६८ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० ला पद्मश्री. लखनौच्या कथक केंद्राच्या त्या संचालक होत्या. मुंबईत त्यांनी अनेक मुलींना शिकवले. २००४ साली दादरला राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

हे इतके सविस्तर का सांगितले? कारण या कथेत आपल्या लेकीच्या आईबापांनी शिकण्यासारखे आहे. वत्सलाबाई श्रीमंत नव्हत्या. समोर मोठ्या घरची मंडळी होती. तरी त्यांनी मुलगी कुणाच्या हवाली केली नाही. स्वतः तिच्याबरोबर राहिल्या, शिक्षणाची अट सोडली नाही. परदेशदौरा हा त्या शिक्षणाचा एक भाग होता, शिक्षणाचा शेवट नव्हता.

पण दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. दमयंतीबाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. तरी जोशी आडनावाची मुलगी नाचली की ती कला, आणि त्याच महाराष्ट्रात महार समाजातली पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात नाचली की तो तमाशा, असे का? नारायणगावच्या विठाबाईंना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 'शास्त्रीय' हा शब्द कुणाच्या नाचाला लागतो आणि कुणाच्या नाही, यात जातीचा हिशेब आहे. आपल्या पालघरच्या वारल्यांचा तारपा नाच पिढ्यान्पिढ्या चालत आला, पण त्याला 'लोकनृत्य' म्हणून वेगळ्या रांगेत बसवले जाते.

भरतनाट्यमचे तरी काय? आज पुण्यात, बोईसरला आणि अमेरिकेतही मुली ज्या क्रमाने हे नृत्य शिकतात, तो क्रम तंजावरला घडला. आणि तंजावरला तेव्हा राज्य होते मराठ्यांचे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. त्यांनी अलारिपूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम बसवला. त्या दरबारात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या. मुंबईचे गुरू पार्वतीकुमार यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे त्या चार भावांच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या.

आणि नाचत कोण होते? देवदासी घराण्यांतल्या स्त्रिया. सयाजीराव महाराजांचे लग्न १८८० साली तंजावरच्या मुलीशी झाले, तेव्हा तिच्याबरोबर तिथल्या नर्तकी बडोद्यात आल्या. ज्या सयाजीरावांनी १९१३ साली आपल्या बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेच हे सयाजीराव. नर्तकी राजाला आंदण मिळाली आणि विद्यार्थी राजाच्या शिष्यवृत्तीवर शिकला. एकाच दरबारातली ही दोन माणसे. एकाला विद्येने मुक्त केले, दुसरीला कलेसह बांधून ठेवले.

पुढे मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास इलाख्यात १९४७ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच काळात हे नृत्य वरच्या जातींच्या मुलींनी शिकायला घेतले. मद्रासला रुक्मिणीदेवींचे कलाक्षेत्र जानेवारी १९३६ मध्ये सुरू झाले. थोड्याच वर्षांत नृत्य प्रतिष्ठेचे झाले आणि ज्यांच्या घरांत ते जगले होते, त्या घरांच्या पदरी फक्त कलंक उरला.

याला एक ठसठशीत अपवाद म्हणजे बालसरस्वती. त्या देवदासी परंपरेच्या घरातल्या, वीणा धनम्माळ यांची नात. १९१८ चा जन्म. आपले घर त्यांनी कधी लपवले नाही. १९६२ साली त्या अमेरिकेत प्रथम नाचल्या, १९६३ ला एडिंबरोच्या महोत्सवात गेल्या. कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात त्यांनी शिकवले. त्यांचे भाऊ रंगनाथन मृदंग आणि विश्वनाथन बासरी, दोघेही तिथे शिक्षक झाले. १९७७ साली भारत सरकारने बालसरस्वतींना पद्मविभूषण दिले. ज्या घराला समाज नाके मुरडत होता, त्या घरातल्या माणसांनी परदेशातल्या विद्यापीठात गुरू म्हणून मान मिळवला.

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना म्हटले, "तुमच्या चुलत आजीला नाचायचे की नाही, हे कुणी विचारले नव्हते. तुमच्या लेकीला तुम्ही विचारता आहात. बाबासाहेबांनी हाच फरक घडवून आणला. लेकीने शिकून, पदवी घेऊन, स्वतःच्या इच्छेने घुंगरू बांधले तर ती मागे जात नाही."

दुसरा प्रश्न धम्माचा. काही उपासक म्हणतात, धम्मात नृत्यगीताला बंदी आहे. तर पंचशीलात अशी बंदी नाही. अष्टशीलात, म्हणजे उपोसथाच्या दिवशी जे शील पाळायचे, त्यात सातवे शील नृत्य, गायन, वादन आणि तमाशे बघण्यापासून दूर राहण्याचे आहे. भिक्खूंना ते कायमचे, उपासक-उपासिकांना त्या दिवसापुरते. मुलीने पौर्णिमेला अष्टशील घेतले असेल, तर त्या दिवशी कार्यक्रम घेऊ नये. एरवी आडकाठी नाही.

आणि आपला वारसा बघा. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात नर्तकी आहे, भोवती वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. औरंगाबादच्या लेण्यांत ७ क्रमांकाच्या बौद्ध लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर नृत्याचे शिल्प आहे. वैशालीची आम्रपाली नगरवधू होती. तिने तथागतांना भोजनाचे आमंत्रण दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. मागाहून लिच्छवी राजपुत्र आले, तरी तिचे आमंत्रण मोडले नाही. तिने आपली आंबराई संघाला दान दिली, पुढे भिक्खुणी झाली आणि तिच्या गाथा थेरीगाथेत आल्या. तथागतांनी तिचा धंदा बघून दार लावले नाही.

राहिली गणेशवंदना. इथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. पूजा वेगळी आणि भूमिका वेगळी. रंगमंचावर रावण झालेला नट रावण होत नाही, तशी यशोदेचा अभिनय केलेली मुलगी कृष्णभक्त होत नाही. पण क्लासात आरती, पूजा असेल, तर मुलीने नम्रपणे बाईंना सांगावे, "बाई, आम्ही बौद्ध आहोत. मी उभी राहीन, पूजा करणार नाही." चांगली गुरू हे समजून घेते. भरतनाट्यममध्ये अलारिपू आहे, जतिस्वरम् आहे. हे निव्वळ ताल-लयीचे नृत्य, त्यात कोणत्याही देवाची कथा नाही. अभिनयासाठी पटाचारा आहे, किसा गोतमी आहे, सुजाता आहे, आम्रपाली आहे. मेलेले मूल उराशी धरून मोहरी मागत दारोदार फिरणारी किसा गोतमी एखाद्या मुलीने अभिनयातून उभी केली, तर भाषा न कळणारा परदेशी प्रेक्षकही ती समजेल. हे विषय आपल्या मुली नाही मांडणार, तर कोण मांडणार?

आता तिसरा प्रश्न, पोटाचा. यात स्वप्ने विकणारे फार, म्हणून नीट ऐका.

परदेशात नृत्याचा संसार मुख्यतः शिकवण्यावर चालतो, कार्यक्रमांवर नाही. कार्यक्रम सणासुदीला आणि शनिवार-रविवारी. रोजची मिळकत वर्गांची. आपल्या मराठी वाचकांना 'निवडुंग'मधल्या अर्चना जोगळेकर आठवत असतील. त्यांच्या आई आशाताई जोगळेकर मुंबईत कथक शिकवत. अर्चनाताईंनी अमेरिकेत न्यू जर्सीला तेच काम सुरू केले. लंडनमध्ये प्रताप पवार यांनी वर्षानुवर्षे कथक शिकवले. जगभर नाव झालेला अक्रम खान लहानपणी त्यांच्याकडेच शिकला. या सर्वांच्या मागे दीर्घ तालीम आहे. तीन महिन्यांच्या 'बघू पुढे' वर यातले काही उभे राहिले नाही.

शिडी अशी आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण, आणि त्यावर अलंकार. या मुलीच्या विशारदच्या दोन परीक्षा बाकी आहेत. त्यांच्या जोडीला विद्यापीठाची पदवी घ्यावी. विलेपार्ल्याला डॉ. कनक रेळे यांनी स्थापलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. तिथे मुंबई विद्यापीठाची नृत्यातली पदवी मिळते. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आहे, त्यामुळे बोईसरच्या मुलीला पार्ले गाठणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही.

पैशासाठी दोन दारे ठोठवावीत. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या कलावंत मुलांसाठी असते. धाकटी बहीण-भाऊ शिकत असतील तर त्यांच्यासाठी अर्ज करावा. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी संस्कृती मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. अर्ज करताना त्या वर्षाचे नियम वाचून घ्यावेत.

एक गोष्ट मात्र संतापाची आहे. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशात शिकायला केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती असते. २०२२ साली तिचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व समाज यांवरचे विषय त्यातून वगळले. म्हणजे आपल्या मुलीने भारतीय नृत्याच्या इतिहासावर परदेशी विद्यापीठात संशोधन करायचे म्हटले, तर त्या नियमाने दार बंद! ज्या नृत्यातून आपल्यासारख्या घरांना बाहेर काढले, त्याचा इतिहास आपल्याच मुलांनी लिहू नये की काय? याविरुद्ध तेव्हा आवाज उठला होता. तो थंड होऊ देता कामा नये.

आता व्हिसा. व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत पैसे घेऊन शिकवणे बेकायदा आहे. पकडले गेले तर परत पाठवतात आणि पुढचा रस्ताही बंद होऊ शकतो. कलावंतांसाठी वेगळा व्हिसा असतो. आपल्या संस्कृतीची खास कला सादर करणाऱ्या व शिकवणाऱ्यांसाठी पी-३ नावाचा प्रकार आहे. तो बोलावणाऱ्या संस्थेने अर्ज करून मिळवायचा असतो. जो खरोखर बोलावतो, तो ही खटपट करतो. जो म्हणतो 'पर्यटक म्हणून ये, रोख देऊ', त्याच्याकडे आपल्या लेकीचा कामगार म्हणून कसलाच पुरावा राहत नाही. ना पगाराचा, ना तासांचा. बोईसरच्या कामगाराला हे आम्ही काय समजावायचे? हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाचे काय होते, हे त्यांनी कंत्राटाच्या दिवसांत भोगलेच आहे.

सरळ मार्गही आहेत. भारत सरकारची सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून आहे. परदेशांतल्या तिच्या सांस्कृतिक केंद्रांत ती भारतातून नृत्यशिक्षक निवडून पाठवते. इंग्लंडमध्ये भरतनाट्यम आणि कथकच्या रीतसर परीक्षा आहेत. तिथे परीक्षा घेणारे आणि शिकवणारे लागतात. या सगळ्याला पदवी, अनुभव आणि थोडे इंग्रजी बोलणे लागते. आणि कुठेही गेली तरी करार लेखी हवा, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात हवा, परतीचे तिकीट हवे.

आणखी एक. अरंगेत्रम्, म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, यावर लग्नासारखा खर्च करायची रीत पडली आहे. परदेशात तर हॉल, साथीदार, दागिने, जेवणावळी मिळून लाखोंचा चुराडा होतो. आपण त्या वाटेला जाऊ नये. कर्ज काढून मुलीला नाचवू नका. एखाद्या पौर्णिमेच्या आदल्या-नंतरच्या रविवारी वस्तीच्या सभागृहात सतरंजीवर माणसे बसवून पहिला कार्यक्रम करा. कला तेवढीच राहील, डोक्यावर कर्ज मात्र राहणार नाही.

आमचे बोलणे संपेपर्यंत चहा निवला होता. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, मी त्या बाईंना विचारते, रीतसर कागद पाठवता का म्हणून. नाही म्हणाल्या तर आधी विशारद करते." आईने आमच्याकडे पाहून मान हलवली. बाप काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पार्ल्याच्या कॉलेजचा फॉर्म कधी सुटतो, ते बघ."

मग मुलीने विचारले, "पप्पा, त्या आजीचे नाव काय होते?"

त्यांनी नाव सांगितले. आम्ही ते छापत नाही, ते त्या घराचे आहे. पण वाचकांना एक विनंती आहे. तुमच्याही घरात अशी एखादी आजी, आत्या, पणजी असेल, जिचे नाव कुणी घेत नाही. तिने पाप केले नव्हते, तिला दुसरे काही करू दिले नव्हते. या रविवारी लेकीबाळींना जवळ बसवा आणि तिचे नाव सांगा. मग लेक डॉक्टर होवो, मास्तरीण होवो की नर्तकी, आपण कुठून निघालो हे तिला ठाऊक राहील.

नमो बुद्धाय, जयभीम!